निरोगी दहाजण

आमच्या प्रयोगशाळेत निरोगी माणसाचं रक्त लागलं, की ते शोधायला कुणी बाहेर जात नाही. इथलीच माणसं बाह्या वर करून ओळीने बसतात आणि मी टोचते. बावीस वर्षं टोचते आहे. काचसामान धुणाऱ्या मावशी दर वेळी विचारतात, ‘रक्त घेता, बदल्यात चहा तरी पाजा,’ आणि मी दर वेळी पाजते.

या खेपेला डेंग्यूच्या पट्टीची परीक्षा होती. आमच्या सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, तीन वर्षं खपून ती तयार केली होती. हा विषाणू पेशीत शिरतो, तिच्याच जिवावर आपली पिल्लावळ वाढवतो, आणि त्या खटाटोपात त्याचं एक प्रथिन रक्तात उतरतं. ते असेल तर पट्टीवर दुसरी रेघ उमटते. रुग्णांच्या रक्तावर पट्टी खरी ठरली होती. आता निरोगी रक्तावर ती उगाच बोंब मारत नाही ना, एवढंच बघायचं होतं.

सोमवारी दहाजणांनी रक्त दिलं. सरांनी सर्वांत आधी हात पुढे केला, दर वेळी करतात तसा. कारकुनाने नळ्यांवर एक ते दहा आकडे घातले, कुठला आकडा कुणाचा ती यादी पाकिटात घालून सील केली आणि पाकीट सरांच्या कपाटात गेलं. आपल्या रक्तात काय निघालं हे शेजारच्या टेबलावरच्याला कळू नये, म्हणून ही पद्धत. तसं आम्ही प्रत्येकाला लिहून देतो.

मंगळवारी सकाळी सात नंबरच्या पट्टीवर दुसरी रेघ आली. फिकट होती, पण होती.

“पट्टी गंडली,” सर म्हणाले. चेहरा पार उतरला त्यांचा. मी पुन्हा केली, पुन्हा आली. मग मी सात नंबर मोठ्या मशीनवर लावला. संध्याकाळी उत्तर आलं: विषाणू आहे.

सर खुर्चीतून उठलेच. “म्हणजे ताप यायच्या आधीच पकडलं आपल्या पट्टीने! ताई, कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय. दहातल्या एकाला डेंग्यू आहे आणि त्याला पत्ता नाही. पाकीट काढा.”

“तसं नाही काढता येणार. लिहून दिलंय आपण. संस्थेच्या नीती समितीची परवानगी आणतो, दोन दिवस लागतील.”

“डेंग्यू समितीला विचारून चढतो का?”

“आज पाकीट फोडलं, तर उद्या इथे एकही माणूस बाही वर करणार नाही. हे तुम्हीच मला शिकवलंय.”

शिकवलं होतं खरं, आणि त्याचाच जास्त राग आला. माझ्या तोंडाला काही धरबंध नाही. तुम्हाला माणसापेक्षा पट्टी प्यारी, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले आणि दार आपटून निघाले. निघताना ऐकू आलं, ते कुणाला तरी सांगत होते की डोकं ठणकायला लागलंय. ठणकू दे, म्हटलं.

रात्री जेवताना सुचलं की पाकिटाची गरजच नाही. सगळ्यांचं रक्त नव्याने घ्यायचं, ज्याचं त्याला सांगायचं. बुधवारी सकाळी मी ट्रे घेऊन टेबलाटेबलाशी गेले. कुणी का-कू केली नाही. मावशी म्हणाल्या, “आता चहावर भागणार नाही.” ड्रायव्हरला खाली जाऊन गाडीतच टोचलं. सरांच्या दारावरून मी दोनदा गेले. एकदा त्यांनी मान वर केली, काहीतरी बोलणार होते. मी पुढे निघून गेले. ते डॉक्टर आहेत, त्यांचं ते बघतील, असं मनाशी म्हटलं.

दुपारी एकपर्यंत नऊ पट्ट्या ओळीने माझ्यासमोर होत्या. माझीही त्यात होती. नऊच्या नऊ पट्ट्यांवर एकेकच रेघ. मावशी सुटल्या, कारकून सुटला, मला क्षणभर हायसं वाटलं. आणि मग दहावा कोण राहिला ते लक्षात आलं.

मी ट्रे उचलला आणि तशीच धावत गेले. सर डबा खाऊन बसले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली आहे. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. डेंग्यूत रक्त थांबवणाऱ्या पेशी घटतात आणि अशा माणसाला कुठेही रक्तस्राव होऊ शकतो, हेही इथे सगळ्यांना माहीत आहे.

“गोळी घेतली?” मी विचारलं.

“कालही घेतली, आत्ताही. रोजचीच आहे ती. वर डोकेदुखीच्या दोन घेतल्या. कालपासून ठणकतंय, मला वाटलं तुमच्यामुळे.” ते हसले. मग त्यांचं लक्ष ट्रेकडे गेलं. त्यांनी बोटाने एकेक पट्टी मोजली. नवव्या पट्टीवर बोट थांबलं.

त्यांनी घड्याळ काढलं, बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. चेहरा तापलेला दिसत होता, डोळे लाल झाले होते. सकाळी मी दारात थांबले असते तर तेव्हाही दिसलं असतं.

“तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना आत्ता फोन लावा,” मी म्हणाले. “त्यांना विचारल्याशिवाय पुढची गोळी घ्यायची नाही.”

“लावतो. आधी रक्त घ्या.”

मी सुईचं वेष्टन फाडलं. “सर, आजची गोळी टळली असती,” मी म्हणाले. “मी सकाळी आत आले असते तर. रागावले होते म्हणून नाही आले.”

“माहीत आहे,” ते म्हणाले, आणि हात तसाच पुढे धरून बसले.