केसाएवढी फट

"राहू द्या, बाबा. मी लावते," म्हणत ताईने चार्जर त्यांच्या हातातून काढून घेतला.

बाबांनी हात मागे घेतले आणि मांडीखाली दाबून ठेवले.

ताई आणि मी दुरुस्तीच्या दुकानातून नुकत्याच आलो होतो. दुरुस्तीवाल्याने तिच्या लॅपटॉपकडे जेमतेम मिनिटभर पाहिलं होतं. म्हणे, चार्जिंगचा पोर्ट ढिला झालाय. कुणीतरी रोज पिन वाकडी घालतंय. आता बोर्डच बदलावा लागेल, सोमवारी आणून द्या, पंधरा दिवस लागतील.

बाबांनी एकतीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. दोन वर्षांपूर्वी हात थरथरू लागले, तेव्हा कुणी सांगायच्या आत त्यांनीच दुकान बंद केलं. त्यानंतर घरातलं एक काम मात्र त्यांनी मागून घेतलं होतं. ताई कामावरून आली की तिच्या बॅगेतून लॅपटॉप काढायचा, मऊ फडक्याने पुसायचा आणि चार्जिंगला लावायचा. ताई इमारतींचे नकाशे काढते. तिचा लॅपटॉप एवढा महागडा आहे, की आई त्याला 'जावई' म्हणते.

गेला महिनाभर जावयाची पिन डुगडुगत होती. सगळ्यांनी आपापले इलाज करून पाहिले. आई खाली वही सरकवायची, ताई वायर पिळून धरायची. माझा उपाय सगळ्यांत सोपा: अंगठ्याने जोर लावून दाबायचं. पण ताईने ते 'कुणीतरी' घरी सांगितलं, तेव्हा आम्ही तिघींनी एकाच माणसाच्या हातांकडे पाहिलं. मीही पाहिलं, खोटं कशाला सांगू. आणि तेच मला दिवसभर टोचत राहिलं.

संध्याकाळी मी विचारलं, "बाबा, तुमचं भिंग कुठंय?"

"कशाला?"

"बघायचंय मला."

"त्या माणसाने बघितलंय की."

"मिनिटभर. तुम्ही तर गिऱ्हाइकाला तासभर बाकावर बसवायचात."

बाबा हसले नाहीत, पण उठले. कपाटातून पांढरं फडकं आलं, भिंग आलं.

ताई दारात येऊन उभी राहिली. "ए शहाणे, काय चाललंय? मोडशील."

"मोडलेलाच आहे ना? बोर्ड बदलायचाच आहे ना? मग?"

गेल्या वर्षीची मी असते, तर एवढ्यावरच रडले असते. हल्ली वर्गात हात वर करायला लागल्यापासून माझी जीभ सुटलीय. ताई खुर्ची ओढून बसली.

"आधी बंद कर, चार्जर काढ," बाबा म्हणाले. "आता शंभरपर्यंत मोज. तोवर नुसतं बघायचं, हात लावायचा नाही."

"शंभर? बाबा, काहीही."

"नव्वदाच्या पुढेच दिसतं."

मी मोजलं. आत अंधार, कडेला दोन चकचकीत रेषा. एकदा पिन लावून पाहिली, काढली. तीच पिन माझ्या फोनमध्ये लावली, ती पार कडेपर्यंत आत गेली. पुन्हा लॅपटॉपमध्ये लावली, तर बाहेर केसाएवढी फट राहिली.

"बाबा, ही आत जातच नाहीये पूर्ण. ढिली नाही, अडतेय."

ते भिंग लावून वाकले. मग म्हणाले, "तळाशी काहीतरी बसलंय."

मी सुईचा डबा उघडला.

"सुई नको. धातूत धातू घालायचा नाही. काडी घे, लाकडाची. तासून चपटी कर."

काडी मी तासली, तीनदा. पहिल्या दोन त्यांनी नापास केल्या. तिसरी कडेकडेने आत घातली. ते सांगत होते, "डावीकडे. मधल्या पट्टीला धक्का नको. उचलायचं, खरवडायचं नाही." माझा हात त्यांच्या आवाजामागून चालत होता.

फडक्यावर पडला एक चपटा, दाबून दाबून घट्ट झालेला तुकडा. निळी लोकर.

ताईने तो बोटावर घेतला. तिचा स्कार्फ निळा आहे. हिवाळाभर तो त्याच बॅगेत, लॅपटॉपला गुंडाळलेला असायचा.

"आणि आत ठासलं कुणी?" आई दारातून म्हणाली.

मी अंगठा मुठीत लपवला.

पिन लावली. टक्. हलवून पाहिली, हलेना. दिवा लागला. ताई दिव्याकडे बघत होती, बाबांकडे नाही. तिचे कान लाल झाले होते. "सोमवारी दुकानात जायला नको मग," एवढंच म्हणाली.

सोमवारी संध्याकाळी ती आली. बॅग न उघडता बाबांसमोर ठेवली आणि हात धुवायला गेली. बाबांनी लॅपटॉप काढला, पुसला. पिन कडेला आपटली, घसरली. दुसऱ्यांदाही. आई उठायला लागली, मी तिचा हात धरला. आत बेसिनचा नळ वाहत होता, केव्हाचा.

टक्.

नळ बंद झाला.