‘किच’ची नोंद

शब्दकोशाच्या कचेरीत अकरा वर्षं काढलेल्या उपसंपादकाच्या वाट्याला ‘किच’ हा शब्द आला. बाहेरून आलेला, पण आता रुळलेला. व्याख्या त्याने चहा निवायच्या आत लिहून टाकली : ‘लोकांना भुरळ पाडणारी, पण भडक, अभिरुचीहीन कला.’ घोडं अडलं ते उदाहरणापाशी.

मग त्याला स्वतःच्याच बैठकीच्या खोलीतला प्लास्टरचा हंस आठवला. पोटात गुलाबी दिवा, गळ्यात मोत्यांची माळ. सासूबाईंनी लग्नात दिलेला. ‘फारच सुरेख’ असं तो त्यांना दर भेटीत न चुकता सांगायचा. त्या सगळ्याचं उट्टं काढत त्याने लिहिलं : ‘पोटात दिवा लागणारा हंस हा किचचा अस्सल नमुना होय.’

पुढच्या आठवड्यात त्याने मुद्रितं घरी आणली, आणि नेमक्या तेव्हाच सासूबाई मुक्कामाला आल्या. जन्मभर शाळेत भाषा शिकवलेली बाई. छापील कागद दिसला की हात आपोआप लाल पेनाकडे जायचा. तो अंघोळ करून बाहेर येतो, तर मुद्रितं तपासून तयार!

“जावईबापू, दोन वेलांट्या चुकल्यात,” त्या म्हणाल्या. “आणि ही व्याख्या अपुरी आहे.”

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. “अपुरी?”

“हा शब्द कोण कोणाला म्हणतं, ते कुठंय यात? आपल्या घरातल्या वस्तूला कोणी किच म्हणत नाही. तुम्ही तरी कुठे म्हणालात? माझ्यापुढे सुरेखच म्हणता.”

आतून बायकोने हसू दाबल्याचा आवाज आला. तो कानापर्यंत लाल झाला.

“मी... मी ते वाक्य काढतो.”

“काढा. पण नोंद पुरी करा.”

कचेरीत गेल्या गेल्या त्याने व्याख्येपुढे कंस टाकला : ‘(बहुधा दुसऱ्याच्या घरातील वस्तूंविषयी)’. हंसाच्या जागी कोणाच्याच घरी नसेल असं काहीतरी मनानेच रचलं : ‘घड्याळ बसवलेलं धबधब्याचं हलतं चित्र’. सुटलो म्हणत त्याने कागद मुख्य संपादकांकडे पाठवले.

दुपारी बोलावणं आलं.

“नोंद उत्तम. कंस तर फारच नेमका,” मुख्य संपादकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “फक्त एवढं सांगा, तुम्ही आमच्या घरी कधी आला होतात?”

कोश छापून आला, तेव्हा त्या पानावरच्या प्रत्येक शब्दाला उदाहरण होतं. ‘किच’ला तेवढं नव्हतं.