एका भाकरीची शेगडी

मी एक जुनी विजेची शेगडी आहे. मित्रांनो, माझ्याकडून मायेच्या उबेची अपेक्षा ठेवू नका. तेवढी वीज मला कधी मिळालीच नाही.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. कागदावर मला तारेची दोन वेटोळी होती. १९६२ साली नागावात चार मजली इमारत बांधणाऱ्या हरेश्वरशेटने अशा बारा शेगड्या मागवल्या आणि सांगितलं, "एकच वेटोळं बसवा. गावची माणसं, त्यांना काय कळतंय?" इमारतीत वीजही त्याने दिव्यांना पुरेल एवढ्याच बारीक तारेतून खेळवली. इमारतीचं नाव 'सागरदर्शन'. दर्शन फक्त संडासाच्या खिडकीतून होई, तेही उंच माणसाला.

मला चौथ्या मजल्यावर ठमाबाईकडे बसवलं. इमारत उभी होती ती तिच्याच नारळाच्या वाडीवर. वाडीच्या बदल्यात तिने एक बिऱ्हाड मागितलं होतं, आणि त्यात चूल मांडायला जागा नि वर धुराडं. बिऱ्हाड मिळालं. धुराडं नकाशातून गळलं.

"नव्या इमारतीला धूर शोभत नाही, मावशी," शेट म्हणाला. "शेगडी दिलीय ना!"

"ही शेगडी हाय का मढ्याचं कपाळ?" ठमाबाई म्हणाली. "कवाबी हात लावा, गारच!"

खरं सांगायचं तर तिचं चूक नव्हतं. अकरा वाजले की बाराही घरांत रांधप सुरू व्हायचं आणि वीज बारा ठिकाणी वाटली जायची. तांदळाची भाकरी तव्यावरून उतरवून निखाऱ्यावर धरली की टम्म फुगते. माझ्यावर ती पापडासारखी वाळायची. मग ठमाबाई मला चिमटा हाणायची आणि मी तिला झटका द्यायची. आमचा संसार असा चालला होता.

शेटने शेजारी दुसरी इमारत काढली. मुंबईची गिऱ्हाइकं रविवारी बघायला येणार, असं कळताच ठमाबाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तुमच्या पाव्हण्यांपुढं ह्याच शेगडीवर भाकरी करते. फुगली तर चुलीचं नाव काढणार न्हाय. न्हाय फुगली तर भिंत फोडून धुराडं काढून द्यायचं. बोला!"

शेट हसून कबूल झाला. नंतर अकरा दारं हिंडून त्याने बजावलं, "रविवारी बारापर्यंत कुणी शेगडी लावायची नाही."

त्या रविवारी मला आयुष्यात प्रथमच पोटभर वीज मिळाली. मी जास्वंदीसारखी लाल झाले. मुंबईचे नवराबायको वाकून बघत होते. ठमाबाईने भाकरी थापली, भाजली, तवा उतरवला आणि ती माझ्या जाळीवर ठेवली. भाकरीची कड उचलली गेली. भाकरीबरोबर शेटही फुगू लागला.

"बघा! याला म्हणतात आधुनिक स्वयंपाकघर!"

ठमाबाई शांतपणे जिन्याच्या तोंडाशी गेली आणि खाली ओरडली, "सगुणे, लावा गो समद्याजणी!"

खालच्या सगुणाने हाक पुढे दिली. अकरा शेगड्या लागल्या. मी लालची तांबूस झाले, तांबूसची काळी. भाकरी बसली. पाठोपाठ फ्यूजही उडाला.

"एकीची भाकरी फुगायला अकरा घरांनी उपाशी ऱ्हायचं काय, शेट?" ठमाबाईने विचारलं.

मुंबईच्या बाईंनी पदर सावरत विचारलं, "नव्या इमारतीत धुराडं आहे का हो?"

शेटने त्यांच्या यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी बायकोकडे पाहिलं.

"आहे," शेट म्हणाला.

मंगळवारी ठमाबाईची भिंत फुटली, चूल मांडली गेली आणि मला उपटून माळ्यावर टाकलं. मात्र ती अर्धी फुगलेली भाकरी तिने टाकली नव्हती. स्वतः खाल्ली होती, मीठ-मिरचीबरोबर. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते तेवढंच.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असं सांगून मी निरोप घ्यायला हवा. पण माझ्या निगेचं राहू द्या. घर बांधाल तेव्हा त्यात रांधणार कोण, हे बघा आणि तिला आधी विचारा. नाहीतर ती नंतर विचारते, आणि चारचौघांत विचारते.