चारुशीलाचे चिंचोके

पंचफुलाबाई आल्या तेव्हा मी पेपर वाचत होतो आणि माझी बायको लतिका तांदूळ निवडत होती. पंचफुलाबाईंच्या अंगावर पांढऱ्यावर निळ्या बुट्ट्यांचं लुगडं होतं आणि हातात चहापत्तीचा जुना डबा. त्यांचा नवरा चंद्रभान जाऊन दोन महिने होत आले होते.

चंद्रभान आणि मी नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. तो मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या फाडायचा, मी हिशेब लिहायचो. एका सकाळी छातीत दुखतं म्हणाला. ट्रकच्या केबिनमध्ये बसवून मेडिकल हॉस्पिटलला नेला, पोचेपर्यंत संपला होता. मला तेव्हा काही वाटलं नाही. नंतर वाटेल, असं लोक म्हणाले. मी वाट पाहतो आहे.

पंचफुलाबाई पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, चारुशीला कोन हाय?"

लतिकाचे हात तांदळात थांबले.

"झोपेत नाव घेत. 'चारुशीला, मांगं फिर' म्हनत. मी कधी इचारलं नाही. म्हटलं, मानूस रोज घरी येऊन राहिला नं, मंग कायले खोदाचं. आता येत नाही, म्हनून इचारून राहिली. रविवारी तुमच्यासंगंच राहत होते. तुमाले ठावं असन."

मला ठाऊक होतं. मी आत गेलो, ट्रंकेतून मासिक काढलं आणि बाहेर येऊन टेबलावर पालथं ठेवलं. पालथं अशासाठी, की मुखपृष्ठावर एक तलवारवाली बाई होती आणि तिच्या शिंप्याला कापड कमी पडलं होतं.

"हे काय?"

"चारुशीला यातून आली."

ब्याऐंशी साली एका कागद कारखान्याची परदेशी रद्दी आमच्या गोदामात उतरली होती. एक गठ्ठा फुटला आणि त्यातून हे अमेरिकन मासिक निघालं. राक्षस, जादूगार, बुटके आणि जंगलातली लांब कानांची माणसं यांचा तिकडे एक खेळ आहे. पट नाही, सोंगट्या नाहीत; एकेकानं एकेक सोंग घ्यायचं आणि बसल्या जागी तोंडानं लढायचं. मासिक होतं ते खेळ आधीच येणाऱ्यांसाठी. लग्नाला न जाता आहेरावरची भांडणं वाचावीत, तसं आम्ही ते वाचलं. जादूगारानं तलवार बाळगावी की नाही यावर वाचकांची पत्रं होती आणि लोक खरोखर चिडलेले होते. खेळायचं कसं, हे कुठंच नव्हतं.

पानापानावर 'डंजन' असा शब्द होता. डिक्शनरीत तळघर, अंधारकोठडी असं काहीबाही निघालं. आमचे गोदाम सांभाळणारे वामनराव म्हणाले, "अंधार हाय, खोल्या हायत, मांगं काय पडलं हाय कोनाले मालूम नाही, आन् आतमंदी काहीतरी जितं हाय. मंग गोडाऊनच म्हना ना गा." ही व्याख्या मला अजून खोडता आलेली नाही. इंग्रजी मला यायचं, म्हणून दर रविवारी खेळ चालवणारा गोदाम मास्तर मी झालो. वीस बाजूंचा फासा नागपुरात मिळेना, तेव्हा हाऊजीचे एक ते वीस आकडे पिशवीत टाकून उचलू लागलो.

दुसरा शब्द होता 'सेव्हिंग थ्रो'. आम्ही तिघेही पोस्टात आवर्ती ठेव भरणारे. बचत म्हणजे बचत. आपली पाळी आज वापरायची नाही, डब्यात एक चिंचोका टाकायचा, अडचणीच्या वेळी काढायचा. वामनराव हात सैल सोडून खेळायचे. चंद्रभान साठवायचा.

"आन् चारुशीला?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"चारुशीला म्हणजे चंद्रभानच, वहिनी."

त्यांनी हातातला डबा मांडीवर घेतला.

"खेळात प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं. वामनराव जादूगार होते. चंद्रभाननं जंगलातली बाई घेतली. धनुष्यबाणवाली."

"इतक्या मोठ्या मिशा घेऊन?"

"मिशा होत्याच."

"बोले कसे मंग?"

"बारीक आवाजात. पहिल्या रविवारी आम्ही हसलो. नंतर हसायचं सुचेना. ती फार सरळ बोलायची."

लतिकानं परात बाजूला ठेवली. आता ती उघडच ऐकत होती.

"लेकरं होते तिले?"

"नाही."

"नवरा?"

"तोही नाही. जंगलात एकटी राहायची. वाटेल तेव्हा निघायची, कुणाला विचारायची नाही."

"मी होती का त्या खेळात?"

"नाही."

पंचफुलाबाईंनी मान हलवली. "बरं झालं. तिथं तरी सयपाक कराव लागला नाही." मग त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. आत चिंचोके होते. "त्यायच्या पेटीत सापडला. मले वाटलं, बाईनं कायचं बी देलं."

"त्या त्याच्या बचतीच्या पाळ्या आहेत."

"मंग खर्च काहून नाही केल्या?"

"वामनराव रिटायर झाले, खेळ बंद पडला. चारुशीला तेव्हापासून गोदामात राक्षसासमोर उभी आहे. राक्षस तोंडातून आग टाकणार होता. तिची पाळी होती."

"तव्हापासून उभी?"

"हो."

"मंग काढा तिले भाईर. मी बसली हाय."

कसं काढायचं, हे पाहायला मी मासिक आतल्या बाजूनं चाळलं. शेवटच्या पानावर, जाहिरातीखाली, बारीक टायपात चार ओळी होत्या. इतकी वर्षं वाचायच्या राहिल्या होत्या. 'सेव्हिंग' म्हणजे बचत नव्हे, बचाव. आग अंगावर आली की त्याच क्षणी फासा टाकायचा. वाचलात तर वाचलात. साठवून ठेवण्याची सोय नाही. मी त्या ओळी दोनदा वाचल्या आणि मासिक मिटलं.

"काय म्हनते?"

"काही नाही. हाऊजीचे आकडे हवेत. ते वामनरावांकडे राहिले."

"आकडे कायले? हे फोडा नं. माहेरी नरखेडले आमी पोरी चिंचोके फोडूनच तं खेळत होतो." त्या उठल्या, लतिकाच्या खलबत्त्यात दोन चिंचोके ठेवून नेमके अर्धे केले. चार फाका, एका बाजूनं काळ्या, एका बाजूनं पांढऱ्या. इतकी वर्षं फासे त्या डब्यातच होते आणि आम्ही ते साठवत होतो.

त्यांनी फाका मुठीत हलवून फरशीवर टाकल्या. दोन काळ्या, दोन पांढऱ्या.

"दोन," लतिका म्हणाली.

"दोनानं काय होते?"

"याला नियम नाही, वहिनी. मासिकातला फासा वीस बाजूंचा आहे."

"मंग तुमी सांगा. मास्तर तुमी होते."

"वाचली," मी म्हणालो.

"खरं?"

"बाहेर आली. नाक्यापर्यंत सरळ रस्ता आहे."

"एकटीच?"

"एकटीच."

त्या फरशीवर वाकल्या. मग फाका गोळा करून डब्यात टाकल्या आणि झाकण दाबलं. "जाऊ द्या मंग तिले. मी कोन अडवनारी."

निघता निघता त्यांनी टेबलावरचं मासिक सुलटं केलं. "हे हाय का चारुशीला?"

"नाही. चारुशीला लुगड्यात होती. तेवढं त्यानं पहिल्याच रविवारी सांगितलं होतं."

"कोन्या रंगाच्या?"

"आठवत नाही," त्यांच्या पांढऱ्या लुगड्याकडे पाहून मी म्हणालो.

हिरव्या.