तांडेलीण कुठल्या पानावर आहे?

क्लेमेंट सरांनी उभ्या आयुष्यात एकच चोरी केली, आणि तीही पोटच्या मुलीच्या पार्सलची. शुक्रवारी दुपारी कुरिअरवाल्याने दारात येऊन “शर्ली तुस्कानो?” असं विचारलं. सरांनी बिनदिक्कत मान डोलावली, सही ठोकली आणि ते पाच पुस्तकांचं जडशीळ खोकं उचलून थेट स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या पिंपात पुरलं. वरून तांदूळ सारखे केले, हात झटकले आणि ओटीवर येऊन पेपर उलटा धरून वाचत बसले. तेहतीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस, कॉपी करणाऱ्या पोरांचे कान पिळलेला माणूस! पण वेळच तशी आली होती, त्याला ते तरी काय करणार?

त्याचं असं झालं. ‘सावळद्वीप’ नावाची पाच खंडांची एक जुनी अद्भुत कादंबरी होती. जादूचं बेट, काळी नदी, बोलणारे घुबड-प्रधान, आणि हरवलेल्या आईला शोधायला निघालेली मयूखा नावाची मुलगी. लेखक वारले, पुस्तकं बाजारातून गायब झाली, आणि वीस वर्षांनी कुणाला तरी त्यावर सिरीयल काढायची बुद्धी झाली. झालं! सरांची शर्ली वर्षभर नुसती हवेत होती. वय एकतीस, विमा कंपनीत चांगली नोकरी, पण सावळद्वीपचं नाव काढलं की नऊ वर्षांची व्हायची. “मला पाठ आहे ती कादंबरी, अख्खी!” असं ती ऑफिसात, लग्नात, मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात, जो भेटेल त्याला सांगत सुटली होती.

दर शनिवारी दुपारी घरात सिरीयल लागायची. पहिल्या भागात राजाची दाढी कानापाशी सुटलेली दिसली, ते शर्लीने पोटात घातलं. घुबड-प्रधान कोंबडीसारखे चालतात, तेही सोसलं. पण सहाव्या भागात मयूखा काळ्या नदीच्या काठी पोहोचली, आणि तिथल्या म्हाताऱ्याने तिला सांगितलं की तुझी आई जाऊन सात वर्षं झाली.

शर्ली ताडकन उठली. वेफर्सचं भांडं गडगडत टीपॉयखाली गेलं.

“मारली? आईला मारली? अरे, आई मरतच नाही! तांडेलीण तिला होडीत घालून परत आणते! आणि तांडेलीण कुठाय? पप्पा, बघ ना, अख्खी तांडेलीणच गिळली ह्या मेल्यांनी!”

सरांना असा ठसका लागला की बायकोला, थेरेसाबाईंना, पाणी आणायला धावावं लागलं. कारण सिरीयलवाल्यांनी काहीही गिळलं नव्हतं. पुस्तकात होतं ते त्यांनी जसंच्या तसं दाखवलं होतं. तिसऱ्या खंडात मयूखाची आई मेलेलीच निघते, आणि तांडेलीण नावाचं पात्र पाचही खंडांत कुठे औषधालाही नाही. हे त्या घरात फक्त सरांना माहीत होतं. कारण तांडेलीण त्यांनी घातली होती, स्वतःच्या पदरची.

ते साल दोन हजार तीन. थेरेसाबाई तेव्हा कुवेतला नर्स होत्या. मार्च महिन्यात शेजारच्या इराकात लढाई पेटली आणि टीव्हीवर दिवसभर क्षेपणास्त्रं दिसायला लागली. कुवेतचा फोन लागेना. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठ दिवस. नऊ वर्षांची शर्ली टीव्हीसमोरून हलेना, जेवेना. सरांनी टीव्हीचा प्लग काढला, चर्चच्या वाचनालयातून ‘सावळद्वीप’ आणलं आणि दुपारी ओटीवर तिला मांडीशी घेऊन वाचायला बसले. शर्ली इंग्रजी शाळेतली, मराठी वाचताना अडखळायची, म्हणून सरच वाचत आणि वाचता वाचता घरच्या बोलीत सांगत. दोन खंड झकास गेले. तिसऱ्यात त्यांची नजर दोन ओळी पुढे धावली आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. मयूखाची आई मेलेली! आणि मांडीला टेकून बसलेली शर्ली विचारत होती, “पप्पा, थांबलास का? भेटली का तिची आई?”

तेवढ्यात फाटकातून हाक आली. पाचूबंदरची नॅन्सी कोळीण पाटी घेऊन आली होती. रडवेली पोर बघून ती पाटी उतरवताना म्हणाली, “काय गो बाय, कनाला रडतंस?” आणि सरांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, “तेवढ्यात नदीवर एक होडी आली. होडीत एक तांडेलीण उभी होती. ती म्हणाली, होरी माजी, पानी माजं, तू कनाला रडतंस? मी हाडतंय तुजे आयेला, होरीत घालून.”

मग काय, तांडेलीण आली ती हटेना. ती राजाला दम द्यायची, घुबड-प्रधानांना सुकट विकायची, पलीकडच्या काठावरून आईच्या चिठ्ठ्या आणायची. आणि पाचव्या खंडाच्या शेवटी ती आईला सुखरूप घेऊन आली. सरांनी पानं उलटली, पण पानांवर काय छापलंय तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढे फोन लागला, जूनमध्ये थेरेसाबाई स्वतः आल्या, पुस्तकं वाचनालयात परत गेली आणि विषय संपला. असं आपलं सरांना वाटलं होतं!

सहाव्या भागाच्या संध्याकाळी शर्लीने फोनवर पोस्ट टाकली. ‘सावळद्वीपचे सच्चे वाचक’ नावाच्या ग्रुपमध्ये सहाशे माणसं. ‘तांडेलीण कुठे आहे?’ एवढंच तिने विचारलं. विरारच्या जयवंत नावाच्या माणसाने लगेच लिहिलं, ‘ताई, कुठला खंड, कुठलं पान? मला आठवत नाही.’ सरांना वाटलं, सुटलो, आता उलगडा होईल. पण कसचं काय! दहा मिनिटांत कुणी हरेश्वर जयवंतवर तुटून पडला, ‘ज्याला तांडेलीण आठवत नाही तो वाचक कसला?’ संजना नावाच्या बाईंनी लिहिलं, ‘मी तर तांडेलीण वाचून दोन दिवस रडत होते.’ शर्ली एकेक प्रतिक्रिया मोठ्याने वाचून दाखवत होती आणि सरांचा चेहरा पांढरा पडत होता. जिला त्यांनी ओटीवर बसून जन्माला घातलं, तिच्यासाठी सहाशे अनोळखी माणसं रडली होती म्हणे!

गोष्ट तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण सिरीयलचा सेट कामणजवळच्या एका गोदामात लागलाय अशी बातमी फुटली. लगेच ठरलं: रविवारी सकाळी सगळ्यांनी कामणला जायचं, दिग्दर्शकाला निवेदन द्यायचं. चारशेबारा सह्या जमल्या. निवेदन वाचून दाखवणार कोण? शर्ली तुस्कानो! आणि पुरावा म्हणून पानांचे आकडे हवेत, म्हणून तिने सिरीयलमुळे निघालेल्या नव्या आवृत्तीचा अख्खा संच मागवला. तो हा, तांदळात पुरलेला.

सरांनी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा केळी सोलता सोलता ते म्हणाले, “शर्ली, एखादे वेळेस काय होतं, लहानपणी ऐकलेलं आपण जरा…”

“पप्पा, तू पण आता त्या जयवंतासारखं बोलू नकोस हं! तूच वाचून दाखवलंस ना? विसरलास? डॉक्टरांना दाखवू या का एकदा?”

संपलं. सरांनी सोललेलं केळं तोंडात कोंबलं. त्यांना हसं होण्याची भीती नव्हती, म्हातारपणी माणूस हसण्यावारी नेतो. भीती वेगळीच होती. नोकरीत मन मोडलं, मैत्रिणी दूर गेल्या, की ही पोरगी म्हणायची, “जाऊ दे, तांडेलीण आहे आपली.” तिला आता कळलं, की ती सगळी पप्पाची थाप होती, तर? कामणला चारचौघांत दिग्दर्शकाने पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं, तर? ती पुन्हा आपल्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवेल? म्हणून पार्सल पिंपात. रविवार पुढे गेला की बघू, असा त्यांचा अत्यंत भिकार बेत होता.

तो शनिवारी सकाळी दहा वाजता उधळला. थेरेसाबाई भातासाठी तांदूळ काढायला गेल्या आणि पिंपात माप खटकन आपटलं.

“अगं शर्ली, तांदळात तुझ्या नावाचं खोकं कसं आलं?”

शर्लीने खोकं फोडलं, तिसरा खंड उचलला आणि ओटीवर जाऊन बसली. सर सोनचाफ्याच्या झाडांत पसार झाले. फुलं पहाटेच खुडून झाली होती, तरी ते उगाच फांद्या वाकवून बघत राहिले. मधूनच पानांआडून ओटीकडे डोकवायचे. शर्ली एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होती. बारा वाजले. एक वाजला. जेवायलाही उठली नाही. पुढे तिने पानं भराभरा मागेपुढे केली, चौथा खंड उघडला, पाचवा उघडला आणि शेवटी सगळे खंड मिटून ठेवले.

“पप्पा!”

सर आले. चप्पल न घालताच आले.

“नाहीये ती. कुठेच नाहीये.”

“नाहीये,” सर म्हणाले.

“तू मला फसवलंस?”

“हो.”

“का पण? मी चारशे माणसांच्या सह्या घेतल्या, पप्पा! उद्या मी तोंडावर आपटले असते! तू पिंपात पुस्तकं पुरलीस, पण मला सांगितलं नाहीस!” तिचा आवाज फाटला. “काय काय खोटं होतं अजून?”

सरांनी तिसरा खंड उचलला, आईच्या मरणाचं पान काढलं आणि तिच्यासमोर धरलं. “हे पान ज्या दिवशी आलं ना, तो कुवेतचा फोन न लागण्याचा सहावा दिवस होता. तू मला विचारलंस, भेटली का तिची आई. मी काय वाचायला हवं होतं, तू सांग.”

शर्लीने पान पाहिलं. पुन्हा पाहिलं. थेरेसाबाई दारात हात पुसत उभ्या होत्या, त्यांचे हात तिथेच थांबले.

“म्हणजे मी तिसऱ्या खंडातच गेले होते होय रे, क्लेमेंट?” त्या म्हणाल्या.

“मी जाऊ दिलं नाही,” सर म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढला, कारण त्यातून काही दिसेना.

मग शर्लीने नाक ओढलं, फोन घेतला आणि ग्रुपवर खरं काय ते लिहून टाकलं: तांडेलीण पुस्तकात नाही, ती माझ्या पप्पांनी मला सांगितली होती, निवेदन मागे घेते, सगळ्यांची माफी मागते. टाकून ती हुश्श करून बसते न बसते तोच फोन वाजायला लागला.

“काय म्हणतायत?” सरांनी भीत भीत विचारलं.

शर्ली वाचायला लागली. “हरेश्वर म्हणतो, ‘ताई, नव्या आवृत्तीत तिला कापलंय. माझ्याकडे जुनी होती, तिच्यात तांडेलीण होती.’ संजना म्हणते, ‘तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? आम्ही पाठीशी आहोत.’ आणि हा जयवंत…” तिला हसू आवरेना. “जयवंत म्हणतो, ‘आता मलाही आठवतेय.’”

सर इतके हसले की ओटीच्या पायरीवरच बसले. थेरेसाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शेजारी बसून पाय लांब केले आणि म्हणाल्या, “सगळ्या जगाला आठवते तुमची तांडेलीण. मलाच तेवढी माहीत नाही. मी कुठे होते तेव्हा इथे? सांग बघू पहिल्यापासून.”

सरांनी घसा साफ केला. “तर, काळ्या नदीवर एक मोठी होडी आली. होडीत एक म्हातारी तांडेलीण…”

“म्हातारी नव्हती!” शर्ली कडाडली. “आणि होडी मोठी नव्हती, दोनच माणसांची होती, म्हणून तर आईला आणायला वेळ लागला! पप्पा, काय वाट लावतोयस तू? सरक, मी सांगते.”

सर निमूटपणे सरकले. शर्लीने सांगायला घेतलं, होरी माजी, पानी माजं, तोच आवाज, तोच हेल. सुकट झाली, चिठ्ठ्या झाल्या, राजाला दम देऊन झाला, आणि शेवटी होडी काठाला लागली.

“मग आई उतरली,” शर्ली म्हणाली. “हातात निळी बॅग.”

“सावळद्वीपात बॅग?” थेरेसाबाईंनी विचारलं.

“होती. चाकांची. एक चाक तुटलेलं.”

थेरेसाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. आतल्या खोलीत कपाटावर ती बॅग अजून होती, वर जुन्या गोधड्या टाकलेल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले.

“जाताना विमानतळावर तुटलं होतं ते,” त्या म्हणाल्या. “पुढे सांग.”