आईपेक्षा मोठे मास्तर

वकीलबाईंनी बावीस वर्षं सरकारविरुद्ध खटले लढवले आणि तेविसाव्या वर्षी सरकारनेच त्यांना विधी सचिव केलं. बातमी आली तेव्हा नवरा दाढी करत होता. "म्हणजे आता स्वतःविरुद्धच उभी राहणार की काय?" असं म्हणत तो इतका हसला की हनुवटी कापून बसला.

बाईंना मात्र हसू येईना. त्यांच्या डोक्यात ड्रॉइंगचे मास्तर होते.

मास्तरांची केस त्यांच्याकडे सहा वर्षं होती. शिक्षण खात्यात जुनी नोंदवही नव्याने उतरवताना कुणीतरी मास्तरांच्या जन्मसालात वीस वर्षांचा घोळ घातला आणि मास्तर अडतिसाव्या वर्षी सक्तीने निवृत्त झाले. बाईंनी कोर्टात थेट त्यांच्या आईचा जन्मदाखला ठेवला. "खात्याच्या हिशेबाने मुलगा आईपेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे," असं त्या म्हणाल्या, तेव्हा न्यायाधीशांनाही हसू आवरेना. निकाल मास्तरांच्या बाजूने लागला. खात्याने लगेच अपील ठोकलं.

आणि आता बाईच सरकार झाल्या होत्या. त्या मास्तरांच्या घरी गेल्या.

"मास्तर, यापुढे मी तुमची वकील नाही."

मास्तर हिरमुसले. शेंगा सोलत बसलेली त्यांची आई मात्र खूश. "बरंच झालं की! आता एक सही केली की काम फत्ते."

"नाही आजी. त्या फायलीला मी हात लावला, तर मास्तरांच्या खरेपणावरच लोक शंका घेतील."

"मग कसल्या तुम्ही मोठ्या अधिकारी?" आजी फणकारल्या. बाईंना ते चांगलंच लागलं.

तिसऱ्या आठवड्यात फाइल टेबलावर आलीच. बाईंनी ती न उघडता वर शेरा मारला: 'या प्रकरणात मी वकील होते. निर्णय सहसचिवांनी घ्यावा.'

ऑफिसात कुजबुज सुरू झाली. कारण सहसचिव म्हणजे पूर्वीचे सरकारी वकील, टोपणनाव 'मिरची'. याच केसमध्ये बाईंनी त्यांना हरवलं होतं. आता ते उट्टं काढणार, असं सगळे धरून चालले. चार दिवस बाई त्यांना लिफ्टमध्ये भेटत आणि निव्वळ हवापाण्यावर बोलत.

पाचव्या दिवशी मिरचीसाहेब केबिनमध्ये आले. "अपील मागे घेतलं."

बाईंचा जीव भांड्यात पडला. "का, ते विचारू?"

"विचारा ना. मास्तर खरे आहेत हे मला पहिल्या तारखेलाच कळलं होतं. पण सहा वर्षांत माझं मत कुणी विचारलंच नाही हो. उभं राहा म्हणाले, राहिलो. परवा पहिल्यांदा फाइल माझ्याकडे निर्णयासाठी आली."

मास्तर पुन्हा शाळेत रुजू झाले. पण बाईंच्या डोक्यातून मिरचीसाहेबांचं बोलणं जाईना. महिन्याभरात त्यांनी परिपत्रक काढलं: अपिलाच्या प्रत्येक फायलीवर एक चौकट हवी, 'सरकारी वकिलांचे स्वतःचे मत'. खात्यांनी नाकं मुरडली. बाई बधल्या नाहीत. त्या खुर्चीवर त्या नऊ वर्षं होत्या, आणि दुसऱ्याच वर्षी अपिलं निम्म्यावर आली.

चौकट भरून आलेली पहिली फाइल एका तरुण वकीलबाईंची होती. त्यांनी लिहिलं होतं, 'चूक आपली आहे. कृपया मला भांडायला पाठवू नये.'

बाईंनी खाली 'मान्य' लिहिलं आणि मिरचीसाहेबांना चहाला बोलावलं.