हळदीखालचा रंग

मित्रांनो, मी मरोळच्या एका गाळ्यातला जुना मॉनिटर. टीव्ही म्हणू नका, अपमान होतो. टीव्हीचं काम माणसाला खूश करणं. माझं काम जे आहे ते दाखवणं. तरुणपणी माझ्यावर समुद्र इतका खरा दिसायचा, की चेंबूरच्या एका निर्मात्याने बसल्या जागी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. खोटं वाटत असेल तर त्या खुर्चीला विचारा. तिची गादी अजून ओली आहे.

माझा सोबती देवेश. त्याच्याकडे येतं ते लॉगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या रंगांत, शूट केलेलं चित्रण. फोडणी न दिलेल्या वरणासारखं, फिकं आणि राखट. पण त्या फिकेपणात उजेड-सावलीचे सगळे बारकावे जपलेले असतात. देवेश त्यातून रंग वर काढतो. भिंती, आभाळ जरा इकडेतिकडे झाले तरी चालतील, पण माणसाची कातडी माणसाचीच वाटली पाहिजे, हा त्याचा हट्ट. माझ्या काचेवर छोटं यंत्र टेकवून तो माझेही रंग तपासायचा, तेव्हा डॉक्टर घरी आल्यासारखं वाटायचं. पुढे शेजारी नवा चकचकीत पडदा आला, आणि माझ्यावर टॉवेल वाळू लागले.

एका दुपारी घाटकोपरच्या सुलक्षणाकाकू आणि त्यांची मुलगी जान्हवी आल्या. जान्हवीच्या हळदीचं चित्रण होतं. तिचे बाबा काशीराम तिच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत लिव्हरच्या दुखण्याने गेले होते. फोटोत ते कायम कोळशासारखे यायचे. हलतेबोलते, धड दिसतील असे फक्त या हळदीत होते.

"माझो माणूस होतो तसो दिसाक व्हयो," काकू म्हणाल्या. "गोरो करू नको."

देवेशने रंग जुळवले आणि नव्या पडद्यावर दाखवले. सगळे चेहरे कसे झकास, गव्हाळ. जान्हवीला मात्र हसू आवरेना.

"अरे, बाबा मला काय पावडर फासतायत? हळद कुठे गेली?"

देवेशने कपाळाला हात लावला. कातडी फार पिवळी वाटली म्हणून त्याने पिवळा रंग काढला होता, आणि त्याबरोबर हळदही.

"वाट लागली. सॉरी काकू."

"हळद पिवळीच असता रे बाबा."

आता कातडीचा खरा रंग शोधायचा कुठे? या घरात नवरीला हळद लावून झाली की उरलेली एकमेकांना माखायची चाल. काशीरामांचे गाल, मान, बनियनसुद्धा माखलेलं.

"कान बघ ना," देवेशला जान्हवी म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "नाही रे. माझ्या काकांनी बाबांचे कानही सोडले नव्हते."

देवेशने माझ्यावरचा टॉवेल ओढला. रंगांचा प्रश्न आला की त्याला मीच लागतो. त्याने जान्हवीच्या डोळ्यांतलं पांढरं प्रमाण मानून सगळं चित्र पुन्हा जुळवलं. हळद परतली. तिच्या कडेने जान्हवीचा सावळा रंग आला, काशीरामांचा रापलेला चेहरा आला. काकू खुर्चीच्या टोकावर सरकल्या.

फक्त काशीरामांचे डोळे पिवळे राहिले.

"हळदीची झाक पडली असेल," देवेश म्हणाला.

"डोळ्यांत कोण हळद लावतं?" जान्हवी म्हणाली.

काकू उठून अगदी माझ्या काचेपाशी आल्या. त्यांचा श्वास मला लागत होता.

"डॉक्टर म्हणालो, डोळे आधीच पिवळे झाले असतले. मी म्हटलंय, माका दिसाक नाय. त्या दिवशी सगळाच पिवळा होता रे."

देवेश हळूच म्हणाला, "काकू, तेवढे डोळे पांढरे करू? कोणाला कळणार नाही."

"कर ना," जान्हवी म्हणाली.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. चित्रातले काशीराम मुलीच्या गालाला हळद लावत होते, आणि हसत होते.

"नको," त्या म्हणाल्या. "तेव्हा कोणी बघूक नाय. आता तरी बघूया तेंका."

देवेशने हात मागे घेतला.

मित्रांनो, माझी काच पुसा, नका पुसू, तुमची मर्जी. पण आपल्या माणसाच्या चेहऱ्याकडे सणवार नसताना, खिडकीतल्या साध्या उजेडात नीट बघत जा. मी दाखवतो ते खरंच असतं, पण मी फार उशिरा दाखवतो.